वजनाच्या ऑपरेशननंतर पाणी कसे प्यावे?

गेल्या वर्षी मे महिन्यातील एका दुपारी मोहाडी तालुक्यातील एक शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. आल्या म्हणण्यापेक्षा त्यांना आणले, असे म्हणणे बरोबर. एका बाजूने यजमानांनी धरलेले, दुसऱ्या बाजूने सासूबाईंनी, आणि मागून ग्लुकोज सलाईनची बाटली हातात घेतलेला भाचा. डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून बाटली त्याने वाटेतल्या औषधांच्या दुकानातून विकतच आणली होती. १९ दिवसांपूर्वी नागपूरला बाईंचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले होते. ऑपरेशन चांगले झाले होते, टाके भरले होते, वजनही उतरत होते. मात्र सहा दिवसांपासून रोज दोन-तीन उलट्या होत होत्या आणि उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"पानीच जात नाही जी डॉक्टर साहेब," सासूबाई म्हणाल्या. "गिलासभर दिला का छातीत अडकते, मंग सारा बाहेर येते."

बाईंची जीभ कोरडी होती. नाडी मिनिटाला ११२, रक्तदाब ९० वर ६०. लघवी दिवसातून दोनदा, तीही कोऱ्या चहाच्या रंगाची. आणि अशा स्थितीत रक्तदाबाची जुनी गोळी, जिच्यात लघवी वाढवणारे औषध असते, ती रोज सकाळी नेमाने सुरू होती! ऑपरेशन बिघडले की काय, ही घरच्यांना धास्ती. पोट मऊ होते, ताप नव्हता, पोटात दुखत नव्हते. बाईंच्या अंगातले पाणी संपत आले होते, एवढेच झाले होते. पण ‘एवढेच’ हा शब्द मी सहज वापरत नाही, हे पुढे लक्षात येईल.

सलाईन लावण्याआधी मी सिस्टरना जीवनसत्त्व बी-१ चे इंजेक्शन काढायला सांगितले. भाचा कळवळून म्हणाला, "आधी ग्लुकोज लावा ना साहेब, मामीचा जीव चालला." त्या घाईत त्याला कारण समजावून सांगणे शक्य नव्हते. ते या लेखात सांगणार आहे, परंतु त्याआधी पाण्याविषयी थोडे बोलले पाहिजे.

हे ऑपरेशन आपल्या भागात आता नवलाचे राहिलेले नाही. नागपूरचे नितीन गडकरी यांच्यावर २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विदर्भातील घराघरांत या विषयाची चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद या अतिस्थूल तरुणीला खास विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले होते, तेही वाचकांना आठवत असेल. आता नागपुरात ही ऑपरेशने नेहमीची झाली असून भंडारा, तुमसर, साकोली, पवनी इकडचे रुग्ण तेथे जातात. पोटाला मोठा छेद न देता दुर्बिणीने काम होते. दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो. म्हणजे सर्जन साठ-सत्तर किलोमीटरवर आणि खरी परीक्षेची वेळ आपल्या घरच्या ओसरीवर, असा हा प्रकार आहे.

ऑपरेशनात नेमके काय करतात, ते थोडक्यात सांगतो. आपले जठर म्हणजे एक ताणली जाणारी पिशवी. पोटभर जेवल्यावर तिच्यात लिटर-दीड लिटर सहज मावते. ‘स्लीव्ह’ नावाच्या प्रकारात या पिशवीचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’ या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची छोटी थैली बनवून ती पुढच्या आतड्याला जोडतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन यांनी बायपासची वाट घालून दिली. त्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. सुरुवातीचे काही आठवडे या नव्या नळीला किंवा थैलीला सूज असते, म्हणून ती असते त्याहूनही लहान वागते.

आता आपली पाणी पिण्याची रीत पाहा. धानाच्या बांधीतून माणूस घरी येतो, गडवा उचलतो आणि वरून धार धरून घटाघटा संपवतो. तहान लागली की पाणी प्यायचे आणि एकदाच पोटभर प्यायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ऑपरेशननंतर हीच सवय आड येते. तहान लागेपर्यंत थांबलेला माणूस ग्लासभर पाणी एकदम पितो, ते अरुंद नळीत मावत नाही, छातीत घट्ट दाटते, उलटी होते. मग त्याला पाण्याचीच भीती बसते. तो पिणे कमी करतो. अंगातले पाणी कमी झाले की मळमळ वाढते आणि मळमळ वाढली की पिणे आणखी कमी होते. या फेऱ्यात सापडलेले रुग्ण मी बरेच पाहिले आहेत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात रुग्णाला पुन्हा दवाखान्यात यावे लागते, त्याच्या मोठ्या कारणांपैकी अंगातले पाणी कमी होणे हे एक आहे. हे केवळ आपल्याकडचे नाही, जगभरचा अनुभव असाच आहे.

जेवणातले पाणीही जाते

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. आपण पाणी केवळ पितो असे नाही, ते खातोही. आपला जिल्हा भाताचा. शिजलेल्या भातात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणीच असते. म्हणजे पाव किलो भात खाणाऱ्याच्या पोटात न कळत पावणेदोनशे मिलिलिटर पाणी जाते. त्यावर वरण, भाजी, ताक. ऑपरेशननंतर हे सारे बंद होते किंवा दोन-चार चमच्यांवर येते. पिण्याचे पाणी कमी झाले आणि खाण्याचेही गेले, असा दुहेरी तोटा होतो.

शिवाय अन्न कमी पडले की शरीर यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर वापरू लागते. या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपतो तसे तेही लघवीवाटे निघून जाते. पहिल्या आठवड्यात चार किलो वजन उतरले म्हणून काही घरांत पेढे वाटतात. त्यांना मी सांगतो की, यातले बरेचसे पाणी आहे, चरबीचा हिशेब पुढे सुरू होईल. आणि पेढे पाहुण्यांनाच वाटा, रुग्णाला नको.

घड्याळ लावून पाणी

मग किती प्यावे? सर्व प्रकारचे प्रवाही पदार्थ धरून दिवसाला किमान दीड लिटर, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. ज्या महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, त्या महिन्यात मी दोन लिटरच्या जवळ जायला सांगतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र आपले प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

दोन लिटर ऐकून रुग्ण घाबरतो. दोन घोट जात नाहीत, तेथे दोन लिटर कसे जाणार? म्हणून मी त्याच्यासमोर हिशेब मांडतो. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारे प्लास्टिकचे झाकण घ्या. त्यावर १५ मिलिलिटरची रेघ असते. अशी दोन झाकणे म्हणजे ३० मिलिलिटर. ते एका दमात न पिता तीन-चार छोट्या घोटांत प्या आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढेच प्या. सकाळी सहा ते रात्री आठ म्हणजे १४ तास. तासाला चार वेळा धरले तर ५६ वेळा. ५६ गुणिले ३० म्हणजे १,६८० मिलिलिटर. दीड लिटरच्या वर गेले आणि पोटावर ताणही आला नाही. घरात पितळेचे छोटे फुलपात्र असेल तर एकदा झाकणाने पाणी मोजून ते कितपत भरते ते पाहून ठेवा, म्हणजे रोज मोजत बसावे लागणार नाही. पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यात फुलपात्र नसलेले घर विरळाच! ते आतून कल्हई केलेले मात्र हवे, आणि आंबट काही त्यात ओतू नये.

पहिले पंधरा दिवस बहुतेक ठिकाणी रुग्णाला पातळ पदार्थांवरच ठेवतात. या काळात निवळ ताक, वरणाचे पाणी, साय काढलेले दूध, भाताची गाळलेली पेज, सर्जनने सांगितलेली प्रथिनांची पावडर कालवलेले पाणी, हे सारे या दीड लिटरमध्ये धरायला हरकत नाही. खरी अडचण त्यानंतर, मऊ जेवण सुरू झाले की येते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवल्यानंतर अर्धा तास थांबायचे, असा या ऑपरेशननंतरचा नियम आहे. कारण लहानशा पिशवीत पाणी आणि अन्न एकदम गेले तर उलटी होते, आणि अन्न पाण्याबरोबर लवकर खाली वाहून गेले तर भूकही लवकर लागते. चार वेळा थोडे थोडे जेवण आणि प्रत्येकाचा तासभर बिनपाण्याचा, म्हणजे १४ तासांतले चार तास गेले. उरलेल्या दहा तासांत ३० मिलिलिटरने १,२०० च होतात. म्हणून या टप्प्यावर माप दीडपट करावे लागते. ४५ मिलिलिटरने १,८०० होतात. हा बदल रुग्णाला कोणी सांगत नाही. पहिले पंधरा दिवस ठणठणीत असलेला रुग्ण तिसऱ्या आठवड्यात एकदम का कोमेजतो, याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते. आमच्या शिक्षिकाबाईंचेही तेच झाले होते.

पाणी गार की कोमट, यावर घराघरांत वाद होतात. गार पाण्याने टाके पिकतात, हा समज निराधार आहे. कोणाला कोमट बरे वाटते, कोणाला माठातले. जे जाते ते द्यावे. नुसते पाणी नकोसे झाले तर लिंबाच्या चार थेंबांनी, जिऱ्याच्या निवळीने किंवा पुदिन्याच्या दोन पानांनी त्याला चव येते. चहाविषयी हमखास विचारतात. पहिले काही आठवडे चहा-कॉफी टाळावी, पुढे अर्धा कप बिनसाखरेचा चालतो. चहामुळे जठराला त्रास होऊ शकतो, आणि चहा झाला की आपले पाणी झाले, असे समाधान माणसाला वाटते, ते जास्त घातक.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. मे महिन्यात तर उसाचा रस, पन्हे, रसना, बाटलीबंद रंगीत पेये यांची रांग लागते. उसाच्या रसाने आणि शीतपेयांनी तहान भागल्यासारखी वाटते, परंतु त्यातली भरमसाट साखर बायपासच्या रुग्णाच्या आतड्यात एकदम उतरली की घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. जुलाब म्हणजे होते तेही पाणी गेले. सोड्याच्या पेयातील वायू लहान जठरात फुगतो, तो त्रास वेगळा. शहाळ्याचे पाणी थोडे थोडे चालते, मात्र मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना त्यातील पोटॅशियम सोसत नाही.

ओआरएस म्हणजे जलसंजीवनीचे पाकीट घरात जरूर ठेवावे. १९७१ च्या युद्धकाळात बंगालच्या सीमेवर बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून वाटून हजारोंचे प्राण वाचवले. त्याच द्रावणाचे हे सुधारलेले रूप. पाकिटावर जेवढ्या पाण्यात मिसळा असे लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळावे, चवीपुरते कमी-जास्त करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. यातली साखर औषधापुरतीच असल्याने घोटाघोटाने घेतली तर सहसा बाधत नाही. दुकानात मात्र एक घोटाळा होता. गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापून ती औषधांच्या दुकानांतून विकली जात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना खोक्याची मागची बाजू वाचावी. खऱ्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो.

ओळखायचे कसे?

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे लघवी. वाळल्या तणसासारखा फिकट पिवळा रंग असला आणि दिवसातून पाच-सहा वेळा लघवी झाली, तर पाणी पुरते आहे. रंग कोऱ्या चहाकडे झुकला, फेऱ्या तीनवर आल्या, तर पुरत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळीने लघवी हळदीसारखी झळझळीत पिवळी होते, तिने घाबरू नये. तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, मलावरोध, उठताना चक्कर, विनाकारण गळून जाणे ही पुढची लक्षणे. कातडी चिमटीत धरून पाहण्याची जुनी युक्ती येथे कामाची नाही. वजन उतरताना कातडी तशीही सैल पडलेली असते.

औषधांकडे याच वेळी पाहिले पाहिजे. वजन आणि जेवण उतरले की रक्तदाब आणि साखरही उतरते, पण जुन्या चिठ्ठीतल्या गोळ्या तशाच चालू राहतात. लघवी वाढवणारी गोळी तर कोरड्या पडत चाललेल्या विहिरीवर मोटार बसवल्यासारखी. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन जातीची, साखर लघवीवाटे काढणारी गोळी घेत असाल तर अन्नपाणी कमी असताना तिच्यामुळे रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा रक्तातली साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे तो चटकन ओळखूही येत नाही. अंगदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि नव्या जठराला, दोघांनाही वाईट. नागपूरहून सुटी होताना ‘माझ्या जुन्या गोळ्यांपैकी कोणती बंद, कोणती निम्मी?’ हा प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, पोटात वाढत जाणारे दुखणे किंवा डाव्या खांद्यात कळ, यांतले काही असेल तर ते पाणी कमी झाल्याचे लक्षण मानून घरी घोट देत बसू नका. टाक्यांच्या रेषेतून गळती झाली असण्याची शक्यता असते. पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर रक्ताची गुठळी झाली असू शकते, आणि अंगातले पाणी कमी असले की रक्त गोठण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाला त्याच दिवशी, त्याच गाडीने, ऑपरेशन झाले तेथे न्यावे आणि निघण्याआधी फोन करावा.

बी-१ चे इंजेक्शन

आता भाच्याला त्या दिवशी जे सांगायचे राहिले, ते सांगतो. त्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

२०१५ च्या पावसाळ्यात चाळिशीतले एक व्यापारी माझ्याकडे आले. बायपासला सहा आठवडे झाले होते. तीन आठवड्यांपासून उलट्या होत्या. अंगात पाणी नव्हते, जीव मलूल. मी त्यांना दाखल करून घेतले आणि ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या, दिवसाला दोन. उलटीचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी त्यांना तरतरी आली, घरचे खूश झाले, मीही झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले की, भिंतीवरचे घड्याळ दोन दिसते आहे. अशक्तपणा आहे, जाईल, असे मी म्हणालो. संध्याकाळी ते खाटेवरून उतरले ते दारू प्यायल्यासारखे झोकांड्या देत, आणि बायकोला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. तेव्हा मी नागपूरच्या एका ज्येष्ठ फिजिशियनना फोन केला. त्यांनी माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. "बी-१ दिलेस का?" एवढेच विचारले.

मी दिले नव्हते.

बी-१ म्हणजे थायमिन. पेशींत साखर जाळण्यासाठी ते लागते. भट्टी पेटवायला काडी लागावी तसे. शरीरात त्याचा साठा अगदी थोडा, दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. रोजच्या अन्नातून तो भरत राहतो म्हणून आपल्याला जाणवत नाही. ऑपरेशननंतर अन्न थोडे, त्यात उलट्या, गोळ्याही पोटात टिकत नाहीत. साठा तळाला जातो. अशा माणसाच्या शिरेतून एकदम ग्लुकोज सोडले की उरलेसुरले बी-१ ती साखर जाळण्यात संपून जाते आणि सर्वांत आधी मेंदूचे काही नाजूक भाग उपाशी पडतात. नजर दुहेरी होते, तोल जातो, स्मृती ढळते. या विकाराचे वर्णन १८८१ साली जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी केले. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोन दारूचे व्यसनी होते. तिसरी मात्र एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने आम्ल प्राशन केले होते, त्यामुळे जठराचे तोंड आकसले आणि उलट्या थांबेनात. म्हणजे जठर बिघडले आणि उलट्या लांबल्या तर मेंदू धोक्यात येतो, ही ओळख सुमारे दीडशे वर्षांची आहे. तरीही आपल्या डॉक्टरी मनात हा आजार दारूशीच जोडलेला राहतो. ते व्यापारी निर्व्यसनी, पानसुद्धा न खाणारे होते. म्हणून मला सुचले नाही.

पॉलिश केलेला तांदूळच खाणाऱ्यांना याच बी-१ च्या अभावी पूर्वी बेरीबेरी होत असे. भाताच्या जिल्ह्यात डॉक्टरी करणाऱ्याने तरी हे विसरायला नको होते.

नागपूरला त्यांना शिरेतून मोठ्या मात्रेत थायमिन दिले. दृष्टी आठवड्यात सुधारली. चाल सुधारायला वर्ष लागले, तेही काठी धरून, आणि पायांच्या तळव्यांची बधिरता शेवटपर्यंत पुरती गेली नाही. दुकानाच्या पायऱ्या चढताना ते अजून भिंतीला हात लावतात. ते माझ्याकडे आजही येतात आणि कधी एका शब्दाने बोलत नाहीत. त्याने मला अधिकच ओशाळल्यासारखे होते.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात नियम आहे. वजनाचे ऑपरेशन झालेला, किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने दोन-तीन दिवसांहून अधिक उलट्या असलेला आणि जेवण तुटलेला रुग्ण आला की आधी बी-१, मग बाटली. आणि पहिली बाटली ग्लुकोजची नाही, मिठाच्या पाण्याची, म्हणजे नॉर्मल सलाईनची. बी-१ चे इंजेक्शन स्वस्त आहे, त्याचा अपाय क्वचितच होतो, आणि ज्याच्या पोटात काही टिकत नाही त्याला गोळी देऊन काम भागत नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना माझी विनंती आहे की, अशा वेळी डॉक्टरांना नम्रपणे एवढेच सांगावे: "यांचे जठराचे ऑपरेशन झाले आहे, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत, बी-१ द्यायचे का?" कोणताही समंजस डॉक्टर यावर रागावणार नाही. गावोगावचे माझे बांधव ही ओळ वाचत असतील, तर त्यांनाही हीच आठवण. ग्लुकोज लावा, अंगात ताकद येईल, हा लोकांचा आग्रह आपण सर्वच जण रोज ऐकतो आणि कधी कधी त्याला बळी पडतो.

शिक्षिकाबाईंना त्या दिवशी बी-१, मग तीन बाटल्या नॉर्मल सलाईन आणि संध्याकाळी रक्ताचा अहवाल. मूत्रपिंडावर ताण पडल्याचे त्यात दिसत होते, ते चार दिवसांत पूर्ववत झाले. रक्तदाबाची गोळी सर्जनना विचारून बंद केली. उलटी कशाने होत होती, तर मऊ जेवण सुरू झाल्यावर सासूबाई प्रेमाने ताटाशेजारी पाण्याचा ग्लास ठेवत आणि सून तो संपवी, इतक्या साध्या कारणाने. भाच्याने आणलेली ग्लुकोजची बाटली मी त्याला परत दिली, दुकानदाराने ती परत घेतली की नाही ते मला ठाऊक नाही.

जूनअखेर शाळा उघडण्याआधी बाई तपासायला आल्या, तेव्हा चिंता वेगळी होती. शाळेत बाईमाणसासाठी धड स्वच्छतागृह नाही, म्हणून गेली १२ वर्षे त्या सकाळी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. असे करणाऱ्या शिक्षिका, बसवाहक बाया आणि बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या आपल्या जिल्ह्यात किती असतील, याची कल्पना वाचकांना असेलच. ऑपरेशननंतर ते चालणार नाही, असे मी सांगितले. यजमानांनी मुख्याध्यापकांना भेटून शेजारच्या घरातील व्यवस्था ठरवली. बाई आता प्रत्येक तासिकेला तीन-चार वेळा छोट्या बाटलीतून घोट घेतात.

निघताना त्यांनी हळूच विचारले, यंदा हरितालिकेचा निर्जळी उपवास धरू का? ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभर कोणताही निर्जळी उपवास किंवा रोजा सर्जनना विचारल्याशिवाय धरू नये, असे मी सांगणार होतो. पण माझ्याआधी सासूबाईच बोलल्या.

"पानी पिऊनच धर म्हणा, डॉक्टर साहेब. यंदा तिच्या वाटचा निर्जळी मीच धरतो जी."

सासूबाईंचे वय ६८, आणि रक्तदाबाची गोळी त्यांनाही सुरू आहे. तेव्हा मला त्यांनाही खुर्चीवर बसवून तपासावे लागले.